शिकवलं, पण हे नाही

मासिकातली मुलाखत ताईने ओट्याशी उभ्यानेच वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच टाकून तिने चपला पायांत सरकवल्या, व्हायोलिनच्या जातीतलं आपलं थोराड वाद्य, चेलो, पाठीला लावलं आणि ती भावाच्या घराकडे निघाली. तालीम दुपारची होती. ती दारात पोचली तेव्हा तो अजून दात घासत होता.

भाऊ अकॉर्डियन वाजवायचा. कार्यक्रमांच्या फलकांवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं आणि ताईचं त्याखाली बारीक अक्षरांत. घरात मात्र तो बाळ्या होता, आणि कानशिलावरचे केस पांढरे झाले तरी बाळ्याच राहिला होता.

"हे काय आहे?" ताईने मासिक त्याच्या नाकासमोर धरलं.

"तोंड तर धुऊ दे."

"धू. मी वाचते. 'लहानपणी वाद्यांच्या एका दुकानाबाहेर उभं राहून मी एक रेकॉर्ड ऐकली. तीच माझी पहिली गुरू.'" तिने मासिक मिटलं. "भाता कसा उघडायचा ते रेकॉर्डने दाखवलं तुला? तुझी करंगळी पट्टीवर दाबून धरायला रेकॉर्ड आली होती?"

बाळ्याने चूळ भरली आणि टॉवेलात तोंड खुपसलं. टॉवेलातूनच म्हणाला, "लोकांना गोष्ट लागते, ताई."

"मग खरी सांग."

खरी गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, आई दवाखान्यात पाळ्या करायची, आणि शाळा सुटली की ही दोन पोरं आत्याच्या घरी जायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. लहान मुलींच्या नृत्यशाळेत ती अकॉर्डियन वाजवायची आणि अजूनही वाजवत होती. भिंतभर आरसे असलेली ती खोली, तिथली घासून घासून पांढरी पडलेली लाकडी जमीन, आणि कोपऱ्यातल्या बिनहाताच्या खुर्चीवर बसून पायांकडे बघत वाजवणारी आत्या. घरी आल्यावर ती दोघांना स्वयंपाकघरात बसवून शिकवायची. कौतुक हा शब्द तिच्या घरात नव्हता. चुकलं की ती "परत" म्हणायची. बरोबर आलं की काहीच म्हणायची नाही.

इतकी वर्षं बाळ्या रेकॉर्डची कहाणी सांगत आला होता आणि इतकी वर्षं ताई शेजारच्या खुर्चीवर मूग गिळून बसत होती. आज मात्र तिच्याने राहवेना. तालीम सुरू झाली तरी तिचं तोंड सुरूच होतं.

बाळ्याच्या वाजवण्यात एक जागा फार गाजलेली होती. शेवटच्या सुराच्या आधी तो थांबायचा. भाता अर्धा उघडा, हात स्थिर. सभागृहात कोणी खोकायचं नाही. मग तो सूर यायचा. समीक्षक त्याला 'रोखलेला श्वास' म्हणत.

"हे कुणाचं?" त्या जागेवर आल्यावर ताईने चेलोच्या तारांवरून गज उचलला आणि विचारलं.

"माझं."

"आत्याचं. आरशासमोर एवढ्या मुली उडी मारायच्या. सगळ्यात मंद मुलीचा पाय जमिनीला लागेपर्यंत ती शेवटचा सूर सोडायची नाही. तुझ्या त्या श्वासाचा बाप म्हणजे तिचं ते थांबणं. आणि तू तिथे नेऊन रेकॉर्ड बसवलीस."

"ताई, वाजवायचंय की कोर्ट भरवायचंय?"

"रविवारी प्रकट मुलाखत आहे. तिथे तू आत्याचं नाव घेशील. नाहीतर त्यानंतरचा कार्यक्रम तू एकट्याने कर."

बाळ्याने पट्टे खांद्यावरून काढले, अकॉर्डियन पेटीत ठेवली आणि बराच वेळ पेटीच्या कड्यांशी खेळत राहिला. मग म्हणाला, "घेईन नाव. पण नंतर मला बोलू नकोस."

ताईला वाटलं, तो नमला. जिंकल्यासारखी ती थेट आत्याकडे गेली.

आत्या खिडकीपाशी बसून फ्रॉकला बटण लावत होती. नृत्यशाळेतल्या कुठल्यातरी मुलीचा असावा. रविवारचं ऐकून तिने दोरा दातांनी तोडला. "मला त्या मऊ खुर्च्यांवर बसवत नाही. झोप येते."

"या वेळी नाही येणार. बाळ्या तुझ्याबद्दल बोलणार आहे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझा मान आहे तो."

आत्याने बटण ओढून पाहिलं. "मान," ती म्हणाली आणि पुन्हा सुई ओवायला घेतली. पण ती आली. निळी साडी नेसून, केस चापूनचोपून बांधून, पहिल्या रांगेत पर्स मांडीवर उभी धरून बसली, जणू पुढच्याच स्टॉपवर उतरायचं आहे.

मुलाखत घेणारा निवेदक मुरलेला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने आवाज खाली आणला. "आपल्यावर पहिला संस्कार कुणाचा? ती दुकानाबाहेरची रेकॉर्ड आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे..."

"ती रेकॉर्ड बाजूला ठेवू," बाळ्या म्हणाला. "आज एक वेगळी गोष्ट सांगतो."

आणि त्याने सांगितली. सांगायला तो वाकबगार होताच. अंधारं स्वयंपाकघर. ठिगळं लावलेला भाता. आयुष्यभर कोपऱ्यात बसलेली, जगाने कधी न ऐकलेली एक बाई. त्या बाईच्या थकलेल्या बोटांत दडलेलं संगीत. "मी जो काही आहे, तो त्या बोटांमुळे," असं म्हणून तो थांबला. वाजवताना त्या गाजलेल्या जागी थांबायचा नेमका तसा थांबला. मग म्हणाला, "ती आज इथे आहे."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगांतले लोक बघायला उभे राहिले. ताई मंचावर चेलोशेजारी बसली होती. शब्द सगळे तिने मागितले तेच होते, आणि तरी तिला ते कुणाच्या तरी खिशातून काढल्यासारखे वाटत होते. आत्याचं स्वयंपाकघर अंधारं नव्हतं. भात्याला ठिगळ नव्हतं. तो बिघडला तर आत्या दुरुस्तीवाल्याचं डोकं खाऊन नवा बसवून घ्यायची. आणि तिची बोटं थकलेली कधीच कुणी पाहिली नव्हती.

निवेदकाने खाली उतरून आत्याच्या हातात माईक दिला. "आपल्या शिष्याबद्दल दोन शब्द."

आत्या उठली. "मी याला शिकवलं," ती म्हणाली, "पण हे नाही."

लोक प्रेमाने हसले.

"हसू नका," आत्या म्हणाली. "मी विनयाने बोलत नाही. हा जे वाजवतो ते मी शिकवलेलं नाही. माझं नाव त्याला लावू नका." तिने माईक निवेदकाला परत दिला, पर्स उचलली आणि दाराकडे चालू लागली. निवेदकाने काहीतरी गोड बोलून मध्यंतर जाहीर केलं.

मंचामागच्या खोलीत बाळ्याने दार आपटलं. खोलीत एक आरसा, एक कळकट सोफा आणि कपड्यांचे हूक होते. ताईने बाहेरून आत्याला हाताला धरून आणलं होतं. ती सोफ्यावर न बसता भिंतीला टेकून उभी राहिली.

"झालं समाधान?" बाळ्या ताईवर कडाडला. "घेतलं नाव. भर सभेत माझी इज्जत गेली."

"तू नाव घेतलंस की तमाशा केलास? ठिगळं काय, थकलेली बोटं काय..."

"मग काय सांगू? की ही बाई फटकळ होती आणि आम्ही तिला टरकून होतो?"

"हो," आत्या म्हणाली. "ते तरी खरं झालं असतं."

बाळ्या तिच्याकडे वळला.

"आत्या," बाळ्याचा आवाज उतरला नाही, पण वेगळा झाला. "तुला माझं वाजवणं आवडत नाही, हे मला नवीन नाही. मी पहिला तुकडा स्वतः बांधला तेव्हा तुला ऐकवायला धावत आलो होतो. तू भांडी घासत होतीस. मी सगळा वाजवला. तू मागे वळलीसुद्धा नाहीस. म्हणालीस, 'यावर कोणाला चालताही येणार नाही.'"

"येत नव्हतंच."

"मी कुणाला चालवायला केला नव्हता तो. रेकॉर्डबद्दल ताई मला टोचत राहते. हो, रेकॉर्ड मी एकदाच ऐकली, तीही अर्धी. पण रेकॉर्डने मला कधी असं म्हटलं नाही."

आत्याने पर्सची साखळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाळ्या, तू शेवटच्या सुराआधी थांबतोस, ते कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे?"

"मी थांबायचे तेव्हा वर हवेत एक पोर असायचं. ते खाली यायचं होतं. ते आलं की सूर त्याच्या पायाखाली ठेवायचा. लवकर ठेवला तर ते दचकतं, उशिरा ठेवला तर पडतं. तू थांबतोस तेव्हा हवेत कोण असतं? तूच असतोस. लोकांना सांगतोस, बघा मी अजून खाली आलो नाही."

बाळ्याचे कान लाल झाले. "तुझ्यासमोर मुली उड्या मारत होत्या. माझ्यासमोर लोक खुर्च्यांत बसलेत. कुणी उडी मारत नाही, आत्या. मग मी काय करू? पायच नाहीत तर सूर ठेवू कुठे? तू मला असलं वाजवणं शिकवलंस की जे तुझ्या त्या खोलीबाहेर उपयोगाचं नाही. बाकीचं मला एकट्याला शोधावं लागलं. आणि ते शोधलं म्हणून तू माझ्यावर रागावलीस."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आत्यालाही ते लागलं असावं, कारण पर्सची साखळी तिने मुठीत आवळली. बाहेरून लोकांच्या कपबशांचा आवाज येत होता.

"तू तरी कुणाचं नाव घेतलंस कधी?" बाळ्याने विचारलं. "तू आभाळातून शिकून पडलीस?"

"नृत्याच्या बाईंकडून शिकले," आत्या म्हणाली. "त्या काठी आपटायच्या. मुलींसमोर मला म्हणायच्या, तुमचं वाजवणं ऐकून माझी पोरं लंगडी होतील. मी त्यांचं तोंड बघायचे नाही. त्या वारल्या तेव्हाही आमचं बोलणं नव्हतं. जे येतं ते सगळं त्यांच्यामुळे येतं. पण मी त्यांची आरती ओवाळत फिरत नाही. ते त्यांचं माझं भांडण आहे. त्यात लोकांचं काय काम?"

"पण आत्या," ताई मधे पडली, "तुझं श्रेय..."

"तू गप्प बस," आत्या तिच्याकडे वळली. इतका वेळ तिने ताईकडे पाहिलंच नव्हतं. "श्रेय हवंय असं मी तुला कधी सांगितलं? विचारलंस तरी? माझा मान हवा होता तुला की याचा अपमान?"

ताईला वाटलं, कुणीतरी मुस्काटात मारली. आत्यापुढे मान खाली घालून ऐकून घ्यायची तिची सवय होती. त्या दिवशी ती सवय मोडली.

"मला काय हवं होतं ते सांगू?" ती म्हणाली. "लहान अकॉर्डियन. तुझ्याकडे दोन होत्या. मोठी तुझी आणि लहान आमच्या दोघांची. मी याच्या आधी शिकत होते. याच्याहून चांगली वाजवत होते. आणि एक दिवस मी शाळेतून आले तर ती याच्या गळ्यात होती. तू म्हणालीस, एका अकॉर्डियनवर दोन पोरं म्हणजे डोक्याला ताप. शाळेत चेलो पडून आहे, तो वाजव. झालं. त्यावर एक शब्द नाही. मी जन्मभर याच्या शेजारी बसून गज ओढतेय, आत्या. मला कोणी मुलाखतीत विचारत नाही तू कुणाकडून शिकलीस म्हणून. विचारलं असतं तर तुझंच नाव सांगितलं असतं. आणि माझं काय काढून घेतलंस तेही सांगितलं असतं."

बाळ्या तोंड उघडं ठेवून बहिणीकडे बघत राहिला. "म्हणजे इतकी वर्षं तू वड्याचं तेल वांग्यावर काढत होतीस," तो हळूच म्हणाला.

"तू वांगंच आहेस," ताई म्हणाली.

कोणी हसलं नाही.

"तुझा हात चांगला होता," आत्या म्हणाली. अगदी सरळ, डाळ महागली म्हणावं तसं. "चांगला हात कशावरही चालतो. याला तेवढं एकच येणार होतं. तेही काढून घेतलं असतं तर याने काय केलं असतं?"

"हे तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस."

"तेव्हा सांगितलं असतं तर तू शेफारली असतीस आणि हा खचला असता."

"आता खचलोय की," बाळ्या म्हणाला.

हे खरं की आत्ता सुचलेली मखलाशी, ते ताईला ठरवता येईना. आत्याचा चेहरा ताकास तूर लागू देत नव्हता. आणि खरं असलं तरी तिचा राग निवला नाही, उलट वाढला. इतका चांगला हात होता तर तो कुणी तिला न विचारता दुसरीकडे का वळवावा? ती हे बोलणार इतक्यात घंटा वाजली आणि व्यवस्थापकाने दारातून डोकं घातलं. "चला, लोक बसले."

उत्तरार्धात दोघं वाजवायला बसली ती एकमेकांकडे न बघता. एरवी ताईची नजर बाळ्याच्या उजव्या खांद्यावर असायची. खांदा खाली आला की सूर. त्या दिवशी तिने डोळे जमिनीवर ठेवले. पहिले दोन तुकडे कसेबसे पार पडले. सूर बरोबर होते, पण दोघंही दात आवळून वाजवत होती. मग शेवटची रचना आली आणि ती गाजलेली जागा आली. बाळ्याने भाता अर्धा उघडा धरला. सभागृह थांबलं. ताईने गज तारेवर ठेवला होता, आणि तिला एकदम कळलं की आपण याच्यासाठी थांबलेलो नाही आणि थांबायचंही नाही. तिने शेवटचा सूर लावला, तिला वाटलं तेव्हा.

बाळ्या दचकला. त्याचा सूर केसभर मागून आला, आणि त्या घाईत तो नेहमीसारखा गोल न येता उघडा, खरखरीत आला. क्षणभर दोन सूर एकमेकांवर घासले आणि मग जुळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते तसंच बांधलेलं वाटलं.

"पाडलंस मला," पडद्याआड गेल्यावर बाळ्या म्हणाला.

"पडला नाहीस."

"पडलो असतो."

"मग शिकला असतास," ताई म्हणाली आणि चेलो पिशवीत घालू लागली. आत्या थांबलेली नव्हती. ती शेवटपर्यंत होती की मध्येच गेली, ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस तिघांत अबोला होता. बाळ्याने काही कार्यक्रमांत ती जागा गाळून पाहिली. लोकांनी तक्रार केली, मग त्याने ती परत घेतली, पण पूर्वीइतकी ताणली नाही. रेकॉर्डची कहाणी त्याने सोडली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घरी शिकलो," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचा. ताईने त्याला एवढंच कळवलं की पुढच्या फलकावर तिचं नाव त्याच्याच मापात हवं. त्याने उत्तर दिलं नाही, पण फलक आला तेव्हा अक्षरं सारखी होती.

एका संध्याकाळी ती आत्याकडे गेली. मनात समेट नव्हता, भांडण पुरं करायचं होतं. आत्याने दार उघडलं आणि ती आत गेली. मोठी अकॉर्डियन टेबलावर उघडीच होती.

"लहान कुठे आहे?" ताईने विचारलं.

"बाळ्याने केव्हाच कुणाला तरी देऊन टाकली. मला न विचारता." आत्याने टेबलाकडे मान हलवली. "ही आहे. माझा खांदा दुखतो. मंगळवारी नृत्यशाळेत लहान मुलींचा वर्ग आहे. येतेस का?"

"म्हणजे तुझी अडचण आहे म्हणून."

"मग काय, तुझ्या उपकारासाठी?"

ताई उलटून काहीतरी लागट बोलणार होती. पण हात आधीच पट्ट्यांत गेले होते. वजन खांद्यावर आलं तेव्हा तिला धाप लागल्यासारखं झालं. डाव्या हाताला बटणं सापडेनात. भाता उघडताना तिचा कोपर गज ओढल्यासारखा बाहेर गेला आणि सूर केकाटला.

"कोपर आत," आत्या म्हणाली.

"माहितीये मला."

"माहितीये तर घे ना आत."

मंगळवारी आरशांच्या खोलीत ताई बिनहाताच्या खुर्चीवर बसली. नव्या नृत्यशिक्षिका वयाने तिच्याहून लहान होत्या आणि काठीऐवजी टाळ्या वाजवायच्या. आत्या दाराशी स्टुलावर बसून होती. मुलींनी उडी घेतली, ताईने सूर लवकर सोडला, आणि शेवटच्या रांगेतली एक मुलगी धपकन बसली. सगळ्या खिदळल्या. ती मुलगी मात्र खिदळली नाही. उठून, फ्रॉक झटकून, तिने ताईकडे अशा रागाने पाहिलं की ताईला तिथल्या तिथे लाज वाटली.

"चूक माझी होती," ताई तिला म्हणाली. "परत घेऊ."

तिने आपल्या हातांवरची नजर काढली आणि त्या मुलीच्या पायांवर ठेवली.